लसीच्या दिवसाचं पाणी

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि माझा राग अजून ताजाच आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी तुमचे गोडवे गायला बसले आहे असा गैरसमज नको. कोंबड्यांचं सगळं तुम्हीच मला शिकवलंत, हे मान्य. शेडमधल्या भुशाच्या वासावरून आजार ओळखायला शिकवलंत. रामघाटावरच्या भिक्षुकाची मुलगी कोंबड्यांत काम करते म्हणून गल्लीत कुजबुज सुरू झाली, तेव्हा घरी येऊन माझ्या वडिलांना म्हणालात, "गुरुजी, हिच्या हाताला गुण आहे. हिला अडवू नका." तुमच्या फार्मवर कामाला लागले त्या दिवशी तुम्ही मला निळ्या लिटमस कागदाची छोटी वही दिलीत. आंबट पाण्यात बुडवला की लाल होणारा कागद. ती वही कायम माझ्या एप्रनच्या खिशात असायची.

मग त्या उन्हाळ्यात पिल्लांना पांढरी हगवण लागली. रोज टोपलीभर मेलेली पिल्लं पुरायला जायची, औषधं चालेनात. घरी आई ताक घुसळत होती, ते बघताना मनात आलं, पोटातल्या वाईट जंतूंना आंबट सोसत नाही, तर पिल्लांचं पाणीच जरा आंबट करून बघावं. तुम्ही कामगारांसमोर खो खो हसलात. "अगं, दिमाग ठिकाणावर आहे का तुझा? उद्या कोंबड्यांची पंगत मांडशील आणि मठ्ठा वाढशील!" तरी मी टाकीत लिंबूसत घालत राहिले, रोज कागद बुडवून बघत राहिले. हळूहळू टोपली रिकामी राहू लागली. मग तुम्ही आसपासचे फार्मवाले बोलावलेत आणि ही युक्ती आपल्याला कशी सुचली ते रंगवून सांगितलंत. मी चहाचा ट्रे धरून मागे उभी. आयत्या बिळावर नागोबा! लोक गेल्यावर मी विचारलं, तर म्हणालात, "तू फक्त पाणी भरलंस. डोकं माझं होतं."

राणीखेत म्हणजे कोंबड्यांची मान पिळवटून मारणारी साथ; तिची लस पाण्यातूनच पाजायची. ती जिवंत लस, आंबट पाण्यात मरते. म्हणून लसीच्या दोन दिवस आधीपासून मी टाकीत साधं पाणी भरायची. त्या खेपेला लस ठरल्या दिवसाच्या आधीच बर्फाच्या डब्यातून येऊन पोचली, आणि नेमके तुमचे पाहुणे फार्म बघायला आलेले. मी टाकीपाशी उभी आहे. कागद बुडवते, तो लालभडक होतो. म्हातारा कामगार विचारतो, "दीदी, पानी बदल दें का?" मी तोंड उघडते तोच शेडच्या दारातून तुमचा आवाज येतो, "उससे क्या पूछते हो? यह पानी हमारा बनाया हुआ है. डालो दवा!" पाहुणे हसतात. मी कागद मुठीत चुरगळते. मनात म्हटलं, डोकं तुमचं ना? मग निस्तरा तुम्हीच. आणि म्हाताऱ्याला सांगितलं, "साहब जो कहें."

महिन्याभरात राणीखेत आली. पिळवटलेल्या माना, लुळे पाय, शेडमागून शेड रिकामी. बर्फ वितळला असेल, लस खराब निघाली असेल, असं तुम्ही येईल त्याला सांगत होतात. मला आनंद झाला, सर. खोटं कशाला बोलू? तुम्हाला स्वतः खड्डे खणताना पाहिलं आणि घरी येऊन मी पोटभर जेवले. कोंबड्यांनी माझं काय वाकडं केलं होतं, हा विचार फार उशिरा आला. तेव्हा एकच खंत होती, की हा सूड आहे हे तुम्हाला कळतच नव्हतं.

फार्म बंद झाल्यावर एका सकाळी तुम्ही बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर भेटलात. अगदी वाळला होतात. त्या लाल कागदाचं तेव्हाच सांगायचं ठरवून मी शेजारी बसले. पण आधी तुम्हीच बोललात. "पोरी, ती युक्ती तुझीच होती. चार लोकांत सांगायला हवं होतं मी. लसीच्या दिवशी पाणी तू बघितलं असतंस, तर एकही मेली नसती." ज्या शब्दांसाठी इतकी जळले होते, ते तुम्ही दिलेत, आणि मी ते घेतले. "असू दे, सर," म्हणाले. वर तुम्हाला हात धरून पायऱ्याही चढवल्या.

हे पत्र कुठे टाकायचं? तुम्ही दिलेल्या त्याच लिटमसच्या वहीत ठेवते, त्या चुरगळलेल्या कागदाशेजारी. पाणी मी बघितलं होतं, सर.