मी मागे उभी होते

३ मार्च, मंगळवार

ह्यांनी गाडी ठोकली म्हणे! सकाळी दार उघडते तो खालच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई उभ्या. त्यांच्या नव्या गाडीच्या मागच्या दाराला पोचा पडलाय, शेजारी आमचीच गाडी असते, म्हणजे काल रिव्हर्स घेताना ह्यांनीच लावली. ह्यांना तोंडावर विचारलं. हे आपले पेपर धरून गप्प. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बाई, ह्यांनी नाही लावली. मी मागे उभी होते." तेव्हा कुठे ह्यांच्या तोंडून निघालं, "नाही लावली."

खोटं बोलले मी. एरवी नेहमी उतरते, मागे उभी राहून या-या-या करते, पुरे झालं की डिकीवर दोन थापा मारते. काल गुडघा ठणकत होता. लिफ्ट खाली आलेली दिसली, तशीच वर निघून आले.

४ मार्च

घरात पाय ठरत नाही. दुपारी ह्यांचा डोळा लागल्यावर खाली जाऊन पोचा बघून आले. मुठीएवढा. त्याच्यासाठी केवढा कांगावा! मग आमचा बंपर बघितला. कोपऱ्यावर चरा आहे. गेल्या वर्षी हे खांबाला घासले होते, तेव्हाचाच असावा. असावा! रोज त्याच गाडीत बसते, डोळे कुठे असतात माझे? ओल्या फडक्याने पुसून पाहिला, जात नाही. मग कोणी बघत नाही ना म्हणून चोरासारखी इकडे-तिकडे बघत वर आले. स्वतःच्याच गाडीपाशी!

५ मार्च

बाईंनी आमच्या चिरंजिवांना फोन केला. परस्पर! तो दुसऱ्या गावी राहतो तरी त्याचा नंबर बरा सापडला. खांबाला घासलं तेव्हाच त्याने बजावून ठेवलंय, पुन्हा असं झालं तर किल्ली मी घेऊन जाणार. रविवारी येतोय. मला खोदून खोदून विचारलं, आई, तू खरंच मागे होतीस का? होते म्हटलं. पुन्हा खोटं. आता सवयच लागणार.

किल्ली गेली तर ह्यांचं काय उरणार? नोकरी सुटून किती वर्षं झाली, मित्र एकेक करून गेले, पुस्तक घेतलं की डुलकी. पण स्टिअरिंगपाशी बसले की माणूस ताठ होतो. माझ्या गुडघ्याच्या व्यायामाला नेतात, बाजारात नेतात, कधी उगाच तळ्यापर्यंत चक्कर. सिग्नलला थांबलो की माझ्याकडे बघून अजून भुवया उडवतात. गाडी ह्यांच्या नावावर असेल, किल्ली आम्हा दोघांची आहे. नाही द्यायची!

६ मार्च

आज केस विंचरायचेसुद्धा राहिले.

७ मार्च

बाई जिन्यात भेटल्या. पैशाचं काही नाही म्हणाल्या, नुसतं कबूल करा, ह्या वयात होतं असं. वयात! तोंड कसंबसं आवरलं.

हे मात्र निवांत. माझा जीव टांगणीला आणि हे नखं कापतायत. न राहवून विचारलंच, खरं सांगा, लागली होती का? तर माझ्याकडे बघून म्हणतात, "तू होतीस ना मागे?" टोमणा! ह्यांच्यासाठी खोटं बोलायचं आणि वर ह्यांचे टोमणे ऐकायचे. 

८ मार्च, रविवार

सुटले! मुलगा आला, चपला काढतोय तोवर बाई नवऱ्याला पुढे घालून हजर. नवऱ्याची मान खाली. सोमवारी ऑफिसच्या फाटकाला त्यानेच दार आपटलं होतं, आणि बायकोच्या धाकाने तोंड शिवून बसला होता. आमचा मुलगा बापाला जाब विचारायला येतोय म्हटल्यावर मात्र त्याला राहवलं नाही. बाईंचा चेहरा एवढासा झाला. माफी मागितली बिचारीने, मनापासून मागितली. मुलगाही बापाला सॉरी म्हणाला. किल्लीचा विषयच निघाला नाही.

मी तर हवेत! खोटं बोलले खरी, पण निघालं खरंच ना? मुलगा गेल्यावर ह्यांना म्हटलं, चला, तळ्यावर जाऊन येऊ. नको म्हणाले.

९ मार्च

सकाळी ह्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "त्या दिवसाचं मला काहीच आठवत नाही गं. गाडी लावल्याचंसुद्धा नाही. तू मागे होतीस म्हणालीस, म्हणून मी निर्धास्त होतो. होतीस ना?"

होते म्हटलं.