बारा मीटरपर्यंत

मंगळवार, ११ नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

आज सकाळी सहाला उठले. सूट धुऊन गच्चीवर वाळत घातला. मास्कची पट्टी तुटली होती, ती दुकानातून बदलून आणली. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले, पडदे ठीक आहेत म्हणाले. खालच्या काकूंकडे घराची दुसरी किल्ली दिली. कपाटातले कागद कुठल्या खणात आहेत तेही त्यांना दाखवून ठेवलं. जेवले. आता साडेचार वाजलेत आणि मी लिहायला बसले आहे.

तुला न सांगता मी मार्चपासून डायव्हिंग शिकते आहे. गेल्या महिन्यात परीक्षा पास झाले आणि कार्ड मिळालं. कार्डावरच्या फोटोत मी चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. येत्या शुक्रवारी सकाळी सातला बोटीवरून माझी पहिली डुबकी आहे. बाबा आणि तू जिथे गेला होतात तिथेच. हे पत्र तुला सोमवारी मिळेल, म्हणजे सगळं नीट झालं तर तोवर मला घरी येऊन दोन दिवस झालेले असतील. रविवारच्या फोनवर मी हे बोलले नाही. फोनवर आपण हवापाणी आणि तब्येत एवढंच बोलतो आणि तू म्हणतोस, ठेवू का?

मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "एकोणसाठाव्या वर्षी? बादलीत पाय घालून बस, तेवढंच पाणी पुरे तुला." मग हसता हसता रडायला लागली आणि फोन ठेवून दिला. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही.

शिकवणारी मुलगी तुझ्यापेक्षा लहान आहे. मला काकू म्हणते, पण पाण्यात काकू म्हणून कुणाला सोडत नाही. पहिल्या दिवशी मी खाली जाताच श्वास धरून बसले, तर वर आणून म्हणाली, "काकू, राग कुणावरही असू दे, श्वास सोडायचा." मला कुणाचा राग आला आहे हे तिला कसं कळलं, देव जाणे. बाबांचं नाव तिने ऐकलेलं होतं. मी त्यांची कोण हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ माझ्या पाठीवरच्या हवेच्या टाकीचा पट्टा आवळत राहिली. शुक्रवारी पाणी गढूळ असेल असं तिने काल कळवलं. चार मीटरपलीकडे दिसणार नाही. येऊ नका असं ती म्हणाली नाही, पण दोनदा विचारलं, नक्की ना?

सामान तुझ्या खोलीत पलंगावर मांडलं आहे. सूट, त्याच्यावर जाकीट, खाली पायातले फिन्स, वर मास्क. काल दिवा लावला आणि दारातच थांबले. कुणीतरी निजल्यासारखं दिसत होतं. सगळं उचलून जमिनीवर ठेवलं, आज पुन्हा पलंगावर घेतलं, कारण वाकून माझी कंबर धरते.

सामान भाड्याचं आहे. आपलं फक्त बाबांचं ते मनगटावरचं यंत्र, किती खोल आणि किती वेळ गेलो ते दाखवणारं. ते तू परत पाठवलंस तसं तीन वर्षं डब्यात पडून होतं. दुकानदाराने नवा सेल घातला आणि सहज विचारलं, "जुन्या नोंदी पुसून देऊ का?" मी नको म्हणाले. तेव्हा मला ती नोंद वाचता येत नव्हती. आता येते. रेघ अठरा मीटरवर चालते, सव्विसाव्या मिनिटाला एक मीटर खाली येते आणि अडीच मिनिटं अगदी सरळ राहते. मग एकदम वर, तू त्यांना उचललंस तिथून. एका मिनिटाच्या आत पाण्याबाहेर.

बंड्या, मी हे सगळं का शिकले ते आता लिहिते. मला तुझी चूक शोधायची होती. दवाखान्याच्या त्या बाकावर, तू ओल्या कपड्यांत कुडकुडत असताना, मी तुला एकच विचारलं, तू कुठे होतास? तू म्हणालास, पुढे होतो, खडकाच्या फटीत बघत होतो, दोन मिनिटं. त्यानंतर मी तुला काही बोलले नाही आणि तेच वाईट झालं. डॉक्टरांनी लिहून दिलं की हृदय बंद पडलं, टाकीत हवा होती, सामान ठीक होतं. मी तो कागद वाचला आणि तरी मनात दोन मिनिटंच धरून बसले. तू दुसऱ्या गावी नोकरी घेतलीस. मी थांबवलं नाही.

शिकताना माझीही जोडीदाराशी चुकामूक झाली. एकदा नव्हे, पाच वेळा. सगळ्यांचीच होते. आणि आम्हाला शिकवतात की तेवढ्या खोलीवरून कधीही एका मिनिटात वर यायचं नाही, शरीरात हवेचे बुडबुडे होतात, सांधे धरतात, माणूस अपंग होऊ शकतो, मरूही शकतो. तेव्हा मला तुझा खांदा आठवला. बाबांना पोचवून आलो त्यानंतर दोन दिवस तू उशी छातीशी धरून भिंतीला टेकून होतास, हात वर होत नव्हता. पाहुण्यांसमोर मी म्हणाले होते, सतरंजी तरी उचल. तुला तेव्हा ठाऊक होतं ना काय झालंय ते? आणि वर येतानाही ठाऊक होतं.

रविवारी बोटवाल्यांचा तब्येतीचा फॉर्म आला. हो किंवा नाही, अशा खुणा करायच्या. एक जरी हो आलं तरी डॉक्टरांची सही लागते. तो कसा भरायचा म्हणून मी बाबांच्या फायलीतली त्यांच्या फॉर्मची प्रत काढली. अक्षर माझं होतं. मी ते विसरले नव्हते, पण बघितलं नव्हतं. घरातले सगळे फॉर्म मीच भरायचे, तुला माहीत आहे. त्या दिवशी बाबा आत दाढी करत होते, मी बाहेरून प्रश्न वाचत होते आणि ते ओरडत होते, "नाही गं, सगळीकडे नाही लिही, मी काय लग्नाला उभा आहे?" छातीत दुखणं, धाप लागणं, या ओळीवर माझा हात थांबला. तो प्रश्न मी मोठ्याने वाचलाच नाही. त्याआधी दोन महिने जिना चढताना ते दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबून खिशात किल्ली शोधत. किल्ली रोज माझ्या पिशवीत असायची. हो लिहिलं असतं तर जाणं रद्द झालं असतं. तुम्ही दोघं कितीतरी वर्षांनी मिळून कुठे निघाला होतात. मी नाही वर खूण केली. दवाखान्याच्या खिडकीत एकतीस वर्षं मी परक्या माणसांचे फॉर्म भरले, कुणी घाईत नाही म्हणालं तर पेन खाली ठेवून पुन्हा विचारायचे. घरातल्या माणसाला एकदाही विचारलं नाही.

माझ्या फॉर्मवर मी हो लिहिलं. रक्तदाबाची गोळी आहे, ती लिहिली. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी बारा मीटरपर्यंत परवानगी दिली आणि त्याखाली रेघ ओढली. म्हणजे ती जागा मला वरूनच बघायची आहे, आणि पाणी गढूळ असेल तर तेही नाही. तरी जाते आहे. भीती वाटते. ती मुलगी माझ्या शेजारीच असेल, मी तिला तसं कबूल करून घेतलं आहे.

फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, असू दे आई, आणि ठेवून दिला असतास. शिवाय शुक्रवारी मला काही झालं तर हे सांगायला दुसरं कुणी नाही, बाबांनाही ते ठाऊक नव्हतं. म्हणून लिहिलं, आणि त्या फॉर्मची प्रत सोबत जोडली आहे. अक्षर ताडून बघ. तू कुठे होतास हे मी विचारायला नको होतं. मी कुठे होते ते आता तुला माहीत आहे. टेबलापाशी बसले होते आणि हातात पेन होतं. लगेच उत्तर लिहू नकोस. रागव, मला चालेल. पण यापुढे ती दोन मिनिटं तुझ्याकडे ठेवू नकोस, ती माझी आहेत. आता पायाची नखं कापायची आहेत, वाढली की फिन्समध्ये टोचतात. चष्मा लावून, खिडकीशी स्टूल ओढून बसते. उजेड आहे तोवर होईल.

तुझीच,
आई