पेन कुठल्या कागदाजवळ

४ जून
रविवारी वकिलांपुढे माझं भाषण— ‘प्रामाणिकपणे मन कसं वळवावं’. बायको म्हणाली, ‘हा विषय तुलाच का दिला?’ मी पेपर वाचत राहिलो.

माझी हातोटी साधी आहे. अशिलापुढे दोन कागद ठेवायचे— लढण्याचा आणि मिटवण्याचा. सल्ला द्यायचा नाही. पेन फक्त आपल्याला हव्या त्या कागदाजवळ ठेवायचं आणि गप्प बसायचं. शांतता माणसाला सोसत नाही, हाताशी येतं तिथे तो सही करतो. वर आपण म्हणायचं, ‘निर्णय तुमचाच!’

६ जून
बस-ड्रायव्हर आला. बस भिंतीवर गेली होती. लागलं कुणालाच नाही, पण चौकशी मागे लागली. ‘साहेब, ब्रेक लागलेच नाहीत. डेपोच्या वहीत तीनदा तक्रार लिहिलीय मी.’

वही मागवायची म्हणजे दोन महिने तारखा. आणि परवा मी सुट्टीवर!

दोन कागद ठेवले. पेन कबुलीजवळ— ‘चूक माझी, समज देऊन सोडावं.’ तो पंख्याकडे बघत राहिला. ‘तुम्हाला काय वाटतं?’
‘निर्णय तुमचाच.’
सही केली. शाळेतल्यासारखी, एकेक अक्षर जपून.

७ जून
भाषण झालं. टाळ्याच टाळ्या! ‘अशिलाचं स्वातंत्र्य’ पाचदा म्हणालो. बायकोने टाळ्या वाजवल्या नाहीत. हातात पर्स होती म्हणे.

२१ जून
सुट्टीवरून आलो तर ड्रायव्हर दारात. कबुली दिली म्हणून स्टिअरिंग काढून घेतलं. आता डेपोत बस धुतो. वहीच्या झेरॉक्स आणल्या होत्या. तिन्ही तक्रारी त्याच जपून काढलेल्या अक्षरात.

मी म्हणालो, ‘माझ्यावर ओरडत का नाही?’
‘निर्णय माझाच होता ना, साहेब. तुमची काय चूक?’
शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं. लाज वाटली. खरंच वाटली.

२२ जून
कबुली मागे घ्यायची तर मला शपथेवर लिहावं लागेल— मीच त्याला त्या कागदाकडे ढकललं. माझ्या वकिलीच्या सनदेवर बेतेल. प्रतिज्ञापत्र टाइप करून घरी आणलं. बायकोला सगळं सांगितलं. ‘काय करू?’
‘निर्णय तुझाच,’ ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

२३ जून
सकाळी टेबलावर प्रतिज्ञापत्र होतं. पेन शेजारी नव्हतं. ते बायकोच्या हातात होतं.
‘कशाला हवंय?’
‘सही करायला,’ म्हणालो. मग तिने दिलं.