तिसऱ्या डोसनंतर

१४ जून २००१
दादाला मालेगावहून घेऊन आलो. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, पायांवर सूज. वहिनी वारल्यापासून तिथे एकटाच होता. डॉ. ज्योत्स्ना गांगुर्डे यांना दाखवलं. कावीळ बी. लिव्हर कडक झालंय म्हणाल्या. कधीकाळी कुठल्या तरी इंजेक्शनच्या सुईतून आली असेल, आता सांगता येत नाही. बरं होण्याबद्दल मोघम बोलल्या. डॉक्टर लोकांना मोघम बोलावंच लागतं. माझ्या अंदाजाने दिवाळीपर्यंत दादा ठणठणीत.
दादाने लहानपणीच मालेगावात यंत्रमागावर काम धरलं म्हणून मी शाळेत गेलो आणि आज पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क आहे. त्याची सगळी सेवा मी स्वतः करणार. ठरलं.

१८ जून
बायको लता, मुलगी अंजली आणि मी, तिघांचं रक्त तपासलं. लागण कोणालाच नाही. माझ्याबद्दल शंका नव्हतीच. आज लसीचा पहिला डोस. दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. डॉक्टरांनी समजावलं, हा आजार रक्तातून पसरतो. शेजारी बसलं, हात धरला, एका कपात चहा प्यायला तर काही होत नाही. दाढीचं ब्लेड तेवढं वेगळं ठेवा.
समजलं. तरी तिसरा डोस होईपर्यंत दादाजवळ न बसण्याचं ठरवलं. शास्त्र वेगळं, खबरदारी वेगळी.

२० जून
लताला ताप. अंजलीचा दंड सुजला, कॉलेजला गेली नाही. मला काहीही नाही. ऑफिसला गेलो, वडापाव खाल्ला. यावरून काय ते कळतं. लता मुळात किडकिडीत, त्यात दमेकरी. तिला लस झेपणार कशी? माझ्या शरीराने पाण्यासारखी पचवली. डॉक्टरांना फोन करून कळवलं. त्या म्हणाल्या, ताप आला न आला यावरून लस लागली की नाही ते कळत नाही. वयाने तरुण आहेत. अनुभव कमी.

८ जुलै, रविवार
दादा सकाळी म्हणाला, रावजी, आत ये ना भाऊ, दारात काय उभा शे? चाळीस वर्षं मालेगावात राहून त्याचं बोलणं तिकडचंच झालंय. दारात वारा चांगला येतो म्हणून सांगितलं.
त्याला त्रिरश्मी लेणी बघायची आहेत. आई आम्हाला लहानपणी एकदा घेऊन गेली होती. तिसरा डोस झाला की मी स्वतः नेणार. पायथ्यापर्यंत रिक्षा, पुढे मी पाठीवर घेईन. तब्येत कमावली ती कशासाठी?

१८ जुलै
दुसरा डोस. डॉक्टरांनी सिगारेटचं विचारलं. दोन सांगितल्या. चहाबरोबरच्या यात धरत नाहीत.

२३ सप्टेंबर
दादाच्या पोटातलं पाणी काढलं. बादली लताने उचलली. माझ्या मनात होतंच, पण तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. फोन चुकीच्या नंबरचा निघाला, ही गोष्ट वेगळी.

१८ डिसेंबर
तिसरा डोस! आता प्रश्न मिटला. परत येताना दादासाठी चिकू घेतले. खोलीत शिरणार, इतक्यात आठवलं, डॉक्टर म्हणाल्या होत्या की दोन महिन्यांनी रक्तात संरक्षण तयार झालं का ते तपासू. मग आत्ताच घाई कशाला? चिकू अंजलीजवळ दिले.

२२ फेब्रुवारी २००२
रिपोर्ट आले. दहाच्या वर आकडा म्हणजे संरक्षण. अंजली हजाराच्या वर. लता तीनशे ऐंशी. मी दोनपेक्षा कमी.
लॅबवाल्यांनी नळ्या बदलल्या आहेत, हे उघड आहे.

२५ फेब्रुवारी
दुसरी लॅब. दोनपेक्षा कमी. हेही लोक तसलेच.

२७ फेब्रुवारी
डॉक्टरांकडे तक्रार नेली. त्या म्हणाल्या, शंभरातल्या पाच-दहा मोठ्या माणसांना ही लस लागतच नाही. चाळिशी ओलांडलेली असली, वजन जास्त असलं, सिगारेट असली तर शक्यता वाढते. पुरुषांमध्ये थोडी जास्त. आणि काहींच्या रक्तातच वंशाने आलेलं असतं. यातलं काहीच नसतानाही कोणाकोणाचं शरीर लसीला दाद देत नाही. का, ते प्रत्येकाच्या बाबतीत सांगता येत नाही.
वय: सेहेचाळीस म्हणजे ऐन उमेद. वजन: हाडं जड आहेत. सिगारेट: वर लिहिलंच आहे. पुरुष आहे, हे मान्य.
जी लता दम्याच्या पंपावर जगते, तिचे तीनशे ऐंशी! घरी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, अहो, ही काय शर्यत आहे का? मी शर्यत कुठे म्हणालो.

४ मार्च
पुन्हा तीन डोस. आज पहिला. बाटली फ्रिजमधून माझ्यासमोर काढायला लावली. सिगारेट आजपासून बंद. रोज पहाटे चालायचं. यावेळी हजाराच्या खाली येणार नाही.

६ मार्च
चाललो नाही. लस घेतल्यावर विश्रांती हवी. सिगारेट एकदम सोडली तर शरीराला धक्का बसतो, असं ऑफिसातला झुंबर म्हणाला. त्याचे मामा तसेच गेले.

१४ एप्रिल
भीमजयंती. दादाने नवा पांढरा सदरा घातला, तो अंगावर लोंबत होता. मिरवणुकीचे ढोल ऐकू आले तसा उठून बसला. म्हणाला, रावजी, मला गॅलरीत ने ना, धरून. लता स्वयंपाकात, अंजली मिरवणुकीत. मी म्हणालो, थांब, अंजली आली की ती नेईल. ती येईपर्यंत मिरवणूक पुढे गेली होती. दादा म्हणाला, जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू.
तेच म्हणतो मी. घाई कशाला?

२ जून
अंजली काहीतरी लागेल असं बोलली. काका काय वाघ आहेत का, पप्पा? डॉक्टर सांगून थकल्या की बसल्याने होत नाही. मी तिला शांतपणे समजावलं की तुझे हजार आहेत, तुला बोलायला काय जातं. ती उठून दादाच्या खोलीत गेली. दोघं पत्ते खेळत होते. हसण्याचा आवाज येत होता. दारातून बघितलं. दादा पत्ते लपवतो, अजूनही.

११ ऑगस्ट
आज मोठा प्रसंग. दादाला रक्ताची उलटी झाली. चादर, फरशी, सगळीकडे. लताने त्याला कुशीवर वळवून धरलं, अंजलीने हातमोजे चढवून पुसायला घेतलं. मी ताबडतोब खाली गेलो आणि रिक्षा थांबवली. त्याशिवाय जिन्यातल्या सायकली बाजूला केल्या. दोघींनी दादाला खाली आणलं. लताची साडी भिजली होती. दादाची नजर माझ्यावर होती.
ज्यांना संरक्षण आहे त्यांनी आत, ज्यांना नाही त्यांनी बाहेर. अशी विभागणी नीट झाली म्हणूनच वेळेत पोहोचलो. रिक्षात जागा नव्हती. मी बसने गेलो.

१३ ऑगस्ट
दादा वाचला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, तुम्हाला खरीच भीती वाटत असेल तर हातमोजे घाला, पण त्यांच्याजवळ बसा. आता फार दिवस नाहीत. पुन्हा मोघम. हातमोजे विकत घेतले. बोटं आत जाईनात. मोठा नंबर उद्या मिळेल.

४ सप्टेंबर
सहावा डोस. मधले दिवस सिगारेट बरीच कमी होती, असं म्हणायला हरकत नाही. ऑक्टोबर अखेर तपासणी. यावेळी लागणार, दंड थोडा दुखतोय. किती बरं वाटलं! दादाला दारातूनच सांगितलं, दादा, दंड दुखतोय. तो म्हणाला, लय चांगलं झालं भाऊ.
कार्यक्रम पक्का केला: रिपोर्ट आला की त्याच दिवशी दादाजवळ बसायचं, नखं कापून द्यायची, रविवारी त्रिरश्मी. पाठीवर उचलायला आता तो हलका झालाय.

२८ सप्टेंबर
दादाला दिवस-रात्र कळत नाही. मला मागवाल्या शेठच्या नावाने हाक मारतो, सुट्टी मागतो. दारातून म्हणालो, दिली सुट्टी. गप झोपला.

९ ऑक्टोबर
दादा पहाटे गेला. लता हात धरून बसली होती. मी जागाच होतो, पलीकडच्या खोलीत.
लताने हाक मारली, या, आता तरी या. मोठ्या नंबरचे हातमोजे कपाटात होते ते घातले आणि आत गेलो. कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं की रबर, ते कळलं नाही.

१० ऑक्टोबर
काल संध्याकाळी सगळं झालं. भन्तेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं. मालेगावहून मागावरची माणसं आली होती. त्यातला एकजण माझ्या गळ्यात पडून रडला. म्हणाला, सहादू नेहमी सांगे, मना भाऊ मोठा साहेब शे, मी आजारी पडनू तं तोच करी माझं सगळं.
मी त्याला चहा सांगितला.

३० ऑक्टोबर
रिपोर्ट आणायला गेलो. लता म्हणाली, आता कशाला? म्हटलं, ठरलेलं आहे.
दोनपेक्षा कमी.
डॉक्टर म्हणाल्या, सहा डोस झाले, आता आणखी देण्यात अर्थ नाही. तुमचं शरीर लसीला दाद देत नाही, एवढंच. यात तुमचा दोष नाही. मी रिपोर्टची घडी करून खिशात ठेवली. बाहेर पेशंट थांबले होते. मी उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, यापुढे घरात कावीळ बीचा कोणी पेशंट असेल तर रक्तापासून तेवढे जपा.
नाही म्हणालो. घरात आता कोणी नाही.