व्हिएतनामसाठी ठेवलेले प्रस्थान

५ डिसेंबर २०२५, शुक्रवार
माझा मुलगा हर्षल याने नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिले आहे की, येथील समुद्रकाठच्या कॉर्निशवर, धाऊ नावाच्या लाकडी बोटीत 'बाबा घाबरून खांबाला मिठी मारून बसला'. हे विधान असत्य आहे. एक तर 'बसले'. शिवाय मी खांबाची मजबुती तपासत होतो.

८ डिसेंबर
व्हिएतनामची तिकिटे आली. परत २८ला. स्थळे जागतिक वारशातील. हालाँगच्या उपसागरात होडीतच झोपायचे. फाँग न्याला होडी थेट डोंगराच्या पोटात शिरते. व्हिडिओ पाहिला, आवाज बंद करून. भीती वाटली नाही. चार पेले पाणी प्यायलो.
सौ. हौसाबाई हरखल्या आहेत. पाण्यात उभे राहिलेले डोंगर एकदा बघायचेत, म्हणाल्या. संसारात प्रथमच काही मागितले. अर्थात माझ्यावाचून त्या जाणार नाहीत.

१२ डिसेंबर
प्रयाण १९ला, आणि त्या दिवशी अमावास्या! ट्रिप पुढे ढकलण्याचे सुचवले. हर्षल म्हणाला, तिकीट नॉन-रिफंडेबल, खलास. सूनबाई राजश्री म्हणाली, मग आधीच प्रस्थान ठेवा ना, बाबा. शुभ दिवशी तांदूळ-सुपारीची पुरचुंडी शेजाऱ्याकडे ठेवली की प्रवास सुरू झाला असे मानतात. ती जाताना घ्यायची. घरात परत आणायची नाही. सुनेला शास्त्र कोणी शिकवले? मीच.

१४ डिसेंबर
पुरचुंडी शेजारच्या सबॅस्टियनकडे ठेवली. विधी पक्का व्हावा म्हणून तीत पासपोर्टही घातला. १९ला तो रास लफानच्या गॅस प्लँटवर ड्यूटीला असणार व प्लँटमध्ये मोबाइल चालत नाही, हे मला ठाऊक होते. परंतु त्याचा येथे संबंध नाही.

१९ डिसेंबर
सबॅस्टियनच्या दाराला कुलूप. फोन बंद. हर्षल संतापला. मी दैवाकडे बोट दाखवून हौसाबाईंची बॅग आत नेऊ लागलो. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. "अहो, तुमचं प्रस्थान गेलंय ना पुढं? मग तुम्ही या मागनं. मी निघते."
हर्षल व राजश्रीही मागोमाग शिरले आणि लिफ्टचे दार बंद झाले.

२० डिसेंबर
फ्लॅट वाजवीपेक्षा मोठा आहे. फ्रिज मधूनच खोकतो. दुपारी पाणीवाल्याने बेल वाजवली. मी पलंगामागून "कोण आहे?" असे खणखणीत मराठीत विचारले. त्याला मराठी येत नाही. मी बाहेर आलो नाही.

२१ डिसेंबर
सबॅस्टियन परतला. "सॉरी हां, अंकल! उद्याचं तिकीट बघू?" मी समजावले की, प्रस्थान माघारी नेणे अशुभ, ते जेथे आहे, तेथेच प्रवाशाने असावे. तो हसला. "मग या ना इकडेच. यल्ला, चला!"
हौसाबाईंचा फोटो आला. होडीच्या टोकाशी उभ्या. खांब धरलेला नाही.
हर्षलने ग्रुपवर लिहिले, 'बाबा उद्या येतोय'. म्हणून तारखा दुरुस्त करून ठेवतो:
प्रस्थान : १४ डिसेंबर, शेजारचा फ्लॅट.
सौ. हौसाबाईंचे प्रयाण : १९ डिसेंबर, व्हिएतनाम.
माझे प्रयाण : २१ डिसेंबर, शेजारचा फ्लॅट, उशीसह.
माझे आगमन : २८ डिसेंबर, हौसाबाईंनी आधी आत जाऊन दिवे लावल्यावर.