उकळीला पुरणारी गोष्ट

ती. ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे उभ्यानंच घातला आहे, गोड मानून घे). तुझी कंबर काय म्हणते? लेकाकडे आठ दिवसांसाठी म्हणून गेलीस त्याला सात महिने झाले, तेव्हा तिथली हवा मानवली असणार. इकडे आम्ही मजेत आहोत. आम्ही म्हणजे मी.

पत्रास कारण मार्मलेड. संत्री आली, तुझी वाट पाहिली, मग म्हटलं आपला हात जगन्नाथ. सालींबरोबर बोटही चिरलं, पण पाक जमला. बरण्या भरल्या, झाकणं लावली, मोठ्या पातेल्यात तळाशी टॉवेल घालून त्या उभ्या केल्या, वर दोन बोटं पाणी. (टॉवेल नवा निघाला, पाणी गुलाबी झालं. बरण्यांना त्याचं काही नाही.) घोडं अडलं ते पुढे. उकळी किती वेळ ठेवायची? तू कधी घड्याळ पाहिलं नाहीस. पाणी खदखदलं की तू जावेची गोष्ट काढायचीस, तिनं तुझं शिवणाचं मशीन दोन दिवसांसाठी म्हणून कसं नेलं ती, आणि ‘अजून तिच्याकडेच आहे’ म्हणत गॅस बंद करायचीस. तीस वर्षं हेच माप. मीही रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्यानं गोष्ट सुरू केली. मशीन मागितलं, नेलं, दिलं नाही, संपली. मधे तू काय काय सांगायचीस ते आठवेना. इतकी वर्षं मी नुसतं ‘हं, हं’ करत होतो की काय, कोण जाणे.

गार होताना झाकण टक् करून आत बसलं की बरणी हवाबंद झाली, म्हणून समोर खुर्ची टाकून बसलो. नऊ बरण्या, एक टक् नाही. बोटानं दाबलं की झाकणं खालीवर होतात. सगळ्या फ्रिजमध्ये कोंबल्या आहेत आणि दूध बाहेर नासतं आहे. खरं सांगू, घर फार गप्प झालंय. मला तुझ्या जावेचीसुद्धा आठवण येते, आणि तिला मी आयुष्यात दोनदा भेटलोय.

भाच्याला आणि सूनबाईला आशीर्वाद. तुला तिथून हलवावं असं माझ्या मनातही नाही.

तुझा धाकटा

ता. क. गोष्ट सविस्तर लिहून पाठव. काही गाळू नकोस.

पुन्हा ता. क. लिहू नकोस. मी भराभर वाचतो, बरण्या परत कच्च्या राहतील. येऊन सांग.

शेवटचा ता. क. दहा मिनिटं लागतात. झाकणांच्या खोक्यावर छापलंय, आणि चाळीस वर्षं मी घड्याळंच दुरुस्त करतोय. संत्री अजून तीन आठवडे मिळतील.