आष्टीचा बिनविरोध आजार

आष्टी, ता. परतूर

प्रिय अर्पिता,

परवा फोनवर तू विचारलंस की बाकीच्या गावांनी आजारांची क्रमवार यादी पाठवली, मग आष्टीनंच एक नाव लिहून खाली गावभराच्या सह्या आणि अंगठे कसे पाठवले. तुझ्या समितीतल्या लोकांना वाटतं गावात कोणीतरी दमदाटी केली, म्हणून आपला कागद बाद करायचा त्यांचा विचार आहे आणि सोमवारच्या बैठकीत तुला उत्तर द्यायचं आहे. मी 'नेटवर्क नाही' म्हणून फोन ठेवला. नेटवर्क उत्तम होतं. तुझी आई शेजारी बसून तूर निवडत होती, म्हणून हे पत्र.

दमदाटी बिलकुल झाली नाही. झालं ते बिनविरोध. माझी मुलगी असून तुला हे कळू नये याचं मला नवल वाटलं. सोसायटी असो की शाळेची समिती, आपल्या गावात काहीही आलं की आधी ते बिनविरोध करायचं, हे माझ्या सरपंचकीपासूनचं वळण. सरकारी पैशातून पुढची पाच वर्षं कोणत्या आजारांवर संशोधन करायचं याची आखणी तू दिल्लीत करतेस, आणि त्यासाठी तुला नेतृत्व शिकवायला डोंगरावरच्या हॉटेलात नेलं होतं म्हणे. मला विचारलं असतंस तर घरीच शिकवलं असतं. ज्याचा विरोध असेल त्याला मारुतीच्या देवळामागं न्यायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि पुढच्या वेळचा शब्द द्यायचा. यापलीकडे नेतृत्वात फार काही नसतं.

तुझी दोन माणसं आली, शाळेच्या वर्गात बैठक बसली. पोरगी पुण्याकडची, बोलायला गोड. तिनं सांगितलं की प्रत्येकानं आपल्या मनानं आजारांना एक, दोन, तीन असे नंबर द्यायचे, शेजाऱ्याच्या कागदात डोकवायचं नाही. झालं, लोकांना वाटलं निवडणूक लागली. कचरूनं साप उभा केला. कपाशीत साप चावल्यापासून तो पाय दाखवल्याशिवाय कोणाकडे चहा घेत नाही. बायकांनी गुडघे उभे केले. साहेबरावानं मुतखडा. मी सापाच्या बाजूचा दिसलो म्हणून मुतखडा, नाहीतर त्यानं सापच उभा केला असता. मी म्हणेन त्याच्या उलट जायचं हे त्याचं आयुष्यभराचं व्रत आहे. मी लगेच कामाला लागलो. गुडघ्यांना पुढच्या पाच वर्षांचा शब्द देऊन बसवलं. ती पोरगी म्हणत होती, "काका, असं नसतं करायचं," पण तोवर साप जवळजवळ निवडून आला होता.

शेवटी तिनं हात जोडले. म्हणाली, ज्या दुखण्याला कोणी वाली नाही त्याच्यावर सरकारी पैसा लागला पाहिजे, तेव्हा जरा विचार करा. तशी मागून झुंबरबाई उठली. "मंग इसरण्यावर काढा की औषध. चालतं-बोलतं माणूस घरातल्या घरात हरवून राह्यलंय, त्याला कोण वाली हाय?" एवढं बोलून ती खाली बसली नाही, माझ्याकडं बघत उभी राहिली.

मला राग आला. मी भाषणच ठोकलं. आष्टीत कोणी काही विसरत नाही, आजोबांच्या काळातलं बांधाचं भांडण इथं शेंबड्या पोरालाही पाठ आहे, असं बरंच बोललो. हसतील असं वाटलं होतं, पण कोणी हसलं नाही. कचरू पायजमा खाली सोडत म्हणाला, "साप म्हागं घेतो, अण्णा." मग साहेबराव उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला देवळामागं घेऊन गेला. मला, अर्पिता. म्हणाला, "बद्रीनाथ, समद्या गावाला ठावं हाय. तुझा एकट्याचा विरोध राह्यलाय, घे म्हागं." मी विचारलं, तुझ्या मुतखड्याचं काय? तर म्हणाला, "त्यो पाणी पिऊन पडतो. ह्ये पडत न्हाई." मी तिथं बराच वेळ रडलो. साहेबराव कोपऱ्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला दुसऱ्या वाटेनं पाठवत होता. नंतर जाऊन मी माझी सही केली, आणि तीही साहेबरावाच्या सहीखाली, जन्मात पहिल्यांदा.

समितीला यातलं काय सांगायचं ते तू ठरव, तेवढं शिक्षण तुझं झालंय. पण तुला सांगायचं राहिलंय ते असं. तुझी आई फोनवर तुझ्याशी बराबर बोलते, कारण तुझ्या पोरांची नावं मी शेजारून तिच्या कानात सांगत असतो. मागच्या आठवड्यात तिनं मला चहा आणून दिला, डोक्यावरचा पदर सावरला आणि विचारलं, "पाव्हणे कुठले?" मी म्हणालो, आष्टीचाच. मग आमच्या छान गप्पा झाल्या. आमची अर्पिता दिल्लीला मोठी झाली, पण तिला भाकरी अजून थापता येत न्हाई, असं तिनं मला हसून सांगितलं. घरातली नावं तिच्याजवळून एकेक करून माघार घेतायत, माझंही घेतलं. तुझं तेवढं अजून उभं आहे, बिनविरोध. सोमवारी आमचा कागद टिकव आणि मंगळवारी गाडीत बस. मी परतूरच्या स्टेशनावर येतो.

तुझाच,
आष्टीचा पाव्हणा,
अण्णा